निरोप पोहोचवणाऱ्यांच्या मनाचं काय?

रुग्णालयात वाईट बातमी सांगण्याचं काम डॉक्टरांचं, असं आपण धरून चालतो. पण डॉक्टर आणि रुग्ण यांची भाषा वेगळी असली, तर ती बातमी डॉक्टरांच्या तोंडून रुग्णापर्यंत पोहोचतच नाही. 'आता या औषधांनी गुण येणार नाही', 'व्हेंटिलेटर चालू ठेवायचा का, याचा विचार करा', 'दिवस थोडे उरलेत' ही वाक्यं त्या घरातल्या माणसांना कळतील अशा भाषेत पहिल्यांदा उच्चारतो तो दुभाषी. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो तो दुभाष्याकडे बघत असतानाच. त्यानंतरचा आक्रोश, राग, विनवण्या, 'दुसरा काहीच उपाय नाही का?' हा पुन्हापुन्हा विचारलेला प्रश्न, हे सारंही त्यानंच डॉक्टरांपर्यंत न्यायचं असतं. बोलणं संपलं की डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतात, नर्सची ड्यूटी बदलते आणि दुभाषी दुसऱ्या वॉर्डातल्या दुसऱ्या कुटुंबाकडे निघतो.

या माणसाच्या मनाचं पुढे काय होतं, हा प्रश्न वैद्यकानं फार उशिरा विचारला. गेल्या पंचवीसेक वर्षांत अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि युरोपात त्यावर जे अभ्यास झाले, त्यांचा हा आढावा आहे. आपल्याकडे हे काम कोण करतं आणि त्यांच्या वाट्याला काय येतं, तेही त्यासोबत पाहायचं आहे. हे सारं एकत्र ठेवून पाहिलं की एक गोष्ट ठळक होते. दुभाष्यांना सर्वांत जास्त पोळतं ते मरण जवळून पाहणं नव्हे. त्या खोलीत त्यांना तयारीविना आणि अधिकाराविना उभं केलं जातं आणि नंतर कोणी विचारपूसही करत नाही, हे त्यांना अधिक पोळतं. म्हणजेच या दुखण्याचा मोठा भाग टाळता येण्याजोगा आहे.

व्यवसाय उभा राहिला, माणूस मागे राहिला

रुग्णालयातला दुभाषी हा पगारी, प्रशिक्षित व्यावसायिक असावा, हा विचार स्थलांतरितांच्या देशांत रुजला. अमेरिकेत १९६४च्या नागरी हक्क कायद्यानं मूळ देशावरून भेदभाव करायला बंदी घातली आणि भाषेअभावी उपचार नाकारणं हाही भेदभावच, असा अर्थ पुढे त्यातून निघाला. २०१०च्या आरोग्य कायद्यातल्या १५५७व्या कलमाखालच्या नियमांनी पात्र दुभाष्याचा आग्रह धरला आणि आणीबाणी वगळता लहान मुलांकडून दुभाष्याचं काम करून घ्यायला मनाई केली. ऑस्ट्रेलियानं १९७३ मध्येच टेलिफोनवरून दुभाषी देणारी सरकारी सेवा सुरू केली होती.

पाठोपाठ आचारसंहिता आल्या. अमेरिकेतल्या वैद्यकीय दुभाष्यांच्या राष्ट्रीय परिषदेची संहिता २००४ची. जे बोललं गेलं ते अचूक सांगा, गुप्तता पाळा, कुणाची बाजू घेऊ नका, ही तिची मुख्य सूत्रं. रुग्णाच्या रक्षणासाठी ही सूत्रं आवश्यकच आहेत. पण त्यांच्या मुळाशी दुभाषी म्हणजे एक नळी, इकडून शब्द आत आणि तिकडून बाहेर, अशी जुनी कल्पना होती. नळीला काही वाटत नसतं, म्हणून तिच्या मनाची तजवीजही कुणी केली नाही. १९९९ मध्ये जिनिव्हातल्या संशोधकांनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या दुभाष्यांवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. 'वैद्यकीय दुभाष्यांनाही भावना असतात', हे त्याच्या शीर्षकातच सांगावं लागलं. बोलणी चालू असताना स्वतःच्या जुन्या, वेदनादायक आठवणी वर येतात, असं त्यातल्या अनेक दुभाष्यांनी सांगितलं होतं. त्यांच्यातले कितीतरी जण स्वतःच युद्धातून आणि परागंदा होण्यातून गेलेले होते.

दुसऱ्याचं मरण 'मी' म्हणून बोलणं

इतरांच्या दुःखाशी रोज संबंध येणाऱ्यांच्या मनावर होणाऱ्या परिणामांचा विचार दुभाष्यांपासून सुरू झाला नाही. मॅककॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये परोक्ष आघाताची कल्पना मांडली ती मनोपचारकांसाठी. रुग्णाचा आघात ऐकताऐकता ऐकणाऱ्याची जगाकडे बघण्याची नजरच बदलते, असं त्यांचं म्हणणं. चार्ल्स फिगली यांनी १९९५च्या सुमारास करुणेचा थकवा ही संज्ञा रूढ केली. त्याआधी १९८३ मध्ये समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातल्या सेविकांच्या कामाचा अभ्यास करून, नोकरीचा भाग म्हणून भावना आवरणं आणि दाखवणं हेही श्रमच आहेत, हे दाखवून दिलं होतं.

या तिन्ही कल्पना दुभाष्याला लागू पडतात. त्यांत एक भर मात्र घालावी लागते. मनोपचारक ऐकतो आणि दुभाषी ऐकून तेच पुन्हा बोलतो, तेही प्रथमपुरुषात. 'रुग्ण म्हणतात की त्यांना भीती वाटते' असं तो म्हणत नाही; 'मला भीती वाटते' असंच म्हणायचं, हा व्यवसायाचा नियम आहे. डॉक्टर आणि रुग्ण थेट एकमेकांशी बोलताहेत असं वाटावं, हा त्यामागचा योग्य हेतू. पण दिवसभरात तीन कुटुंबांच्या वतीनं 'मला मुलांसाठी अजून थोडं जगायचंय' असं स्वतःच्या तोंडानं म्हणणारा माणूस ते वाक्य रुग्णालयाच्या दारातच सोडून घरी जाईल, असं मानणं हे मनाच्या स्वभावाकडे डोळेझाक करणं आहे.

याचा सर्वांत गाजलेला दाखला रुग्णालयाबाहेरचा आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९६ पासून सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या झाल्या, तेव्हा अकरा अधिकृत भाषांच्या त्या देशात दुभाषी काचेच्या खोलीत बसून साक्षी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेत होते. छळ झालेल्याचा 'मी' आणि छळ करणाऱ्याचा 'मी' एकाच दिवशी एकाच तोंडातून निघत होता. या कामानं दुभाष्यांना किती खोल इजा केली, याची चर्चा तेव्हापासून सुरू झाली आणि प्रथमपुरुषाचं ओझं हा अभ्यासाचा विषय बनला. रुग्णशय्येजवळच्या दुभाष्याला दोन 'मी' वाहावे लागतात ते दोन सज्जन माणसांचे. एक हात टेकलेल्या डॉक्टरांचा आणि दुसरा आशा न सोडणाऱ्या रुग्णाचा. दोघांची तगमग त्याच्यातून जाते आणि आपली स्वतःची दाखवायची त्याला मुभा नसते.

अभ्यास काय सांगतात

मरणासन्न रुग्णांच्या संदर्भातला एक महत्त्वाचा अभ्यास सिॲटलमधला, २००५चा. संशोधकांनी ६८ व्यावसायिक दुभाष्यांना गटागटांनी बोलतं केलं. त्यांची पहिली मागणी साधी होती. खोलीत शिरण्याआधी विषय काय आहे, ते आम्हाला सांगा. नेहमीची तपासणी समजून आत जायचं आणि समोर कृत्रिम श्वास थांबवण्याचा निर्णय उभा असायचा, हा अनुभव त्यांना पुन्हापुन्हा आला होता. फक्त शब्द सांगायचे की रुग्णाच्या रीतीभाती, श्रद्धा डॉक्टरांना समजावूनही द्यायच्या, याविषयीही त्यांना स्पष्टता हवी होती.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या १४२ वैद्यकीय दुभाष्यांचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. आयुष्याच्या अखेरीबद्दलची बोलणी करून देताना आपण अवघडत नाही, असं बहुसंख्यांनी सांगितलं. मात्र ही बोलणी सहसा नीट पार पडतात, असं वाटणारे जेमतेम निम्मे होते. या दोन उत्तरांमधली तफावत बोलकी आहे. दुभाषी आपल्या कामात कच्चे नाहीत. पण आपल्या डोळ्यांसमोर बिघडत जाणारं संभाषण सावरायचा हक्क त्यांना नाही. चांगलं काय ते माहीत असूनही करता येत नाही, या अवस्थेला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात नैतिक क्लेश म्हटलं होतं. दुभाष्यांच्या बाबतीत हाच धागा मला सर्वांत कळीचा वाटतो.

ऑस्ट्रेलियात फिलिस ब्युटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीक, अरबी आणि चिनी भाषांच्या दुभाष्यांशी कर्करोग विभागांतल्या कामाबद्दल बोलून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. शब्दाशी प्रामाणिक राहायचं की अर्थाशी, आणि बोलणं कठोर वाटलं तरी तसंच पुढे न्यायचं का, या दोन प्रश्नांनी ते दुभाषी कायम घेरलेले होते. अनेक घरांत कर्करोगाचं नाव रुग्णासमोर घ्यायचं नसतं. दुभाषी त्याच समाजातला असल्यानं ही मर्यादा त्याच्या अंगात मुरलेली असते. ती मोडणारं वाक्य उच्चारताना आपणच अमंगळ बोललो, असं त्याच्या मनाला लागतं. शिवाय समाज लहान असतो. ज्या घराला सकाळी मरणाची बातमी दिली, तेच घर रविवारी मंदिरात, चर्चमध्ये, वाण्याच्या दुकानात समोर येतं आणि गुप्ततेच्या नियमामुळे धड सांत्वनही करता येत नाही.

चित्राची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. ब्रिटनमध्ये निर्वासितांच्या मनोपचारात काम करणाऱ्या आठ दुभाष्यांशी सविस्तर बोलून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुःखाइतकीच वाढही दिसली. माणसं किती सोसून उभी राहतात, हे पाहून आपलं आयुष्य अधिक खोल झालं, असं ते सांगत होते. बोलभाषांच्या दुभाष्यांवरच्या २०१६च्या एका अमेरिकी अभ्यासातही परोक्ष आघाताची लक्षणं चढी होती, पण कामातून मिळणारं समाधानही चांगलंच होतं. हे दुभाषी काम सोडायला निघालेले नाहीत. एखाद्या आजीचं शेवटचं म्हणणं आपल्यामुळे कुणाला तरी कळलं, याचं मोल ते जाणतात.

या संशोधनाच्या मर्यादाही उघड आहेत. बहुतेक अभ्यास लहान आहेत, मुलाखतींवर आधारलेले आहेत आणि श्रीमंत देशांतले आहेत. दुभाष्यांच्या मनाचा अनेक वर्षं पाठपुरावा करणारं काम विरळाच. तरीही वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या भाषांत, एकमेकांना न भेटलेले दुभाषी त्याच त्या तीन गोष्टी मागतात. आधी कल्पना द्या, आमची भूमिका स्पष्ट करा आणि नंतर दोन शब्द बोला. इतक्या एकमुखी मागणीसाठी मोठ्या आकडेवारीची वाट पाहायची गरज नाही.

दुखावलेला दुभाषी आणि चुकलेला निरोप

हा प्रश्न केवळ दुभाष्यांच्या कल्याणाचा असता तरी पुरेसा गंभीर होता. पण त्याची झळ थेट रुग्णाला बसते. सिॲटलच्याच संशोधकांनी २००८ मध्ये अतिदक्षता विभागातल्या, दुभाष्यांच्या मदतीनं झालेल्या दहा कौटुंबिक बैठकींची ध्वनिमुद्रणं तपासली. दुभाष्यामार्फत झालेल्या प्रत्येक देवाणघेवाणीत काहीतरी बदल होण्याची शक्यता ५५ टक्के निघाली. कधी वाक्य गळलं, कधी वाढलं, कधी दुभाष्याचं स्वतःचं मत मिसळलं. यांतले तीन चतुर्थांशांहून अधिक बदल बैठकीच्या उद्देशावर परिणाम करू शकतील असे होते; बहुतेक बाधक, क्वचित उपकारक.

हे वाचून दुभाष्यांना बोल लावणं सोपं आहे. पण यांतले काही बदल कुठून येत असतील, याचा विचार करायला हवा. समोरची आई कोसळते आहे हे दिसत असताना 'मृत्यू' हा शब्द जिभेवर येत नाही आणि त्या जागी 'तब्येत फार नाजूक आहे' असं येतं. डॉक्टर आकडे आणि लांबलचक वाक्यं एका दमात टाकतात, तेव्हा सर्वांत जड वाक्य मागे पडतं. उपशामक उपचार किंवा हॉस्पिस यांना कित्येक भाषांत रुळलेला शब्दच नाही, मग दुभाषी जागच्या जागी स्पष्टीकरण रचतो आणि ते कधी 'मरायला पाठवण्याची जागा' असं होऊन बसतं. मन आधीच भरलेलं असेल तर अशा वेळी तोल जाण्याची शक्यता वाढते. म्हणून दुभाष्याचं मन सांभाळणं हा निरोप अचूक ठेवण्याचाही मार्ग आहे.

दुभाषीच नसला तर काय होतं, तेही स्पष्ट आहे. इंग्रजी कमी येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांविषयीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यावसायिक दुभाषी नसताना रुग्णाला आणि घरच्यांना आजार कुठवर आला आहे याची पुरेशी समज येत नव्हती आणि अखेरच्या दिवसांतली वेदना व अस्वस्थताही कमी काबूत राहत होती. म्हणजे जे वेदनाशामक मिळू शकलं असतं, ते केवळ भाषेअभावी मिळालं नाही.

फोनच्या तारेवरचं मरण

दूरध्वनी आणि व्हिडिओवरून होणाऱ्या कामानं हा भार आणखी वेगळा केला. खोलीत असलेला दुभाषी निदान रुग्णाचा हात पाहू शकतो, बाहेर पडताना नर्सशी नजरानजर होते. घरी बसून हेडफोन लावलेल्याला फक्त आवाज ऐकू येतो. मृत्यूची बातमी सांगून होते, पलीकडे रडणं सुरू असतं, लाइन बंद होते आणि लगेच पुढचा कॉल येतो. तो दाताच्या तक्रारीचाही असू शकतो. २०२०च्या करोना साथीत नातेवाइकांना आत सोडत नव्हते, तेव्हा कितीतरी शेवटचे निरोप टॅबलेटच्या पडद्यावरून आणि दुभाष्याच्या आवाजातून दिले-घेतले गेले. ज्या भाषिक समाजांत साथीनं जास्त बळी घेतले, त्याच समाजांतले हे दुभाषी होते. ते एकीकडे आपल्या माणसांसाठी धास्तावलेले होते आणि दुसरीकडे परक्यांचे निरोप पोहोचवत होते.

आता यंत्रभाषांतर आलं आहे आणि त्याला थकवा येत नाही, असा युक्तिवाद होईल. औषधाच्या वेळा सांगायला यंत्र उपयोगी पडेल. पण अमेरिकेच्या २०२४च्या नियमांनीही महत्त्वाच्या मजकुराचं यंत्रभाषांतर पात्र माणसानं तपासलंच पाहिजे, असं म्हटलं आहे. मरणाच्या बोलण्यात तर कुठे थांबायचं, समोरच्याला कळलं की तो नुसती मान हलवतोय, हे ओळखणं हेच मुख्य काम असतं. ते माणसाचं आहे आणि म्हणून त्या माणसाला जपणंही आलंच.

आपल्याकडे हे काम कोण करतं?

२०११च्या जनगणनेत भारतात दहा हजारांहून अधिक लोक बोलतात अशा १२१ भाषा नोंदल्या गेल्या. तरी आपल्या बहुतेक रुग्णालयांत दुभाषी असं पदच नाही. याचा अर्थ हे काम होत नाही असा मात्र नाही. ते रोज, प्रत्येक मोठ्या रुग्णालयात होतं. फक्त त्याला नाव नाही.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बंगाल, बिहार, झारखंड, आसामपासून माणसं येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून महिनोन्‌महिने उपचार घेतात. रुग्ण आजीला फक्त संताळी किंवा मैथिली येते, सोबतच्या पुतण्याला मोडकी हिंदी आणि डॉक्टर मराठी, मल्याळी किंवा तेलुगू. तो विशीतला पुतण्याच दुभाषी होतो. गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीची माडिया, सीमेलगतची तेलुगू, मुलचेऱ्याकडच्या वसाहतींतली बंगाली आणि लातूर-पुण्याहून आलेला बंधपत्रित डॉक्टर, अशी गाठ पडते. मेळघाटात कोरकू आहे, जी मराठीच्या कुळातलीही नाही. नंदुरबारात भिली आणि पावरी आहे. अशा ठिकाणी आशाताई, नर्सबाई किंवा वॉर्डातल्या मावशी-मामांना हाक जाते, 'मावशी, यांना जरा समजावून सांगा.' हेमलकशात प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी माडिया शिकून घेतली, म्हणून तिथं वैद्यकाचा आणि विश्वासाचा धागा जुळला. पण प्रत्येक बदलीवरच्या डॉक्टरकडून ती अपेक्षा करता येत नाही.

त्या मावशीचा विचार करा. तिचं पद सफाईचं किंवा शुश्रूषेच्या मदतीचं. एखाद्या बापाला 'तुमचं मूल वाचणार नाही' हे तिनं सांगितलं, याची नोंद केसपेपरवर होत नाही. तिला नकार देता येत नाही, कारण सांगणारे साहेब असतात. ती संध्याकाळी घरी जाते आणि कुणालाही काही सांगत नाही. पाश्चात्त्य अभ्यासांतला दुभाषी निदान प्रशिक्षित असतो, त्याला संहितेचा आधार असतो. आपल्या मावशींना तोही नाही. जे ओझं तिथं मोजलं गेलं, ते इथं न मोजताच वाहिलं जातं.

नातेवाईक दुभाष्याचं दुःख याहून वेगळं, दुहेरी असतं. जी बातमी त्याला स्वतःला पचवायची आहे, ती त्याच श्वासात त्यानं आईला सांगायची. आणि आपल्याकडे घरच्यांची पहिली विनंती असते, 'त्यांना काही सांगू नका.' मग तो डॉक्टरांचं बोलणं गाळतो, गोड करतो, आजार लपवतो. हे प्रेमापोटीच होतं. पण वडील गेल्यावर तोच मुलगा वर्षानुवर्षं विचारत राहतो, मी सांगायला हवं होतं का? त्यांना काही बोलायचं राहिलं का? फ्रान्समधल्या अतिदक्षता विभागांत २००५ मध्ये झालेल्या अभ्यासात साधारण एक तृतीयांश नातेवाइकांमध्ये आघातोत्तर ताणाची लक्षणं आढळली होती आणि अखेरच्या निर्णयात ज्यांनी भाग घेतला त्यांच्यात हे प्रमाण ८० टक्क्यांवर होतं. त्या नातेवाइकांवर निर्णयाचा भार होता. आपल्याकडे त्याच खांद्यांवर दुभाष्याचं कामही येतं.

परदेशी मुलांकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांच्या बाबतीतही हेच घडतं. न्यू जर्सीत किंवा मेलबर्नमध्ये वडिलांना पक्षाघात होतो आणि मुलगी म्हणते, 'मी आहे ना, मीच सांगते.' तिथं विनामूल्य दुभाषी मागण्याची सोय असते. ती मागावी. त्या खोलीत वडिलांना मुलगी हवी असते. दुसऱ्या कुणीतरी शब्द सांगितले, तर तिला त्यांचा हात धरून बसता येतं.

कायदाही या दिशेनं बोट दाखवतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८च्या सनदेत रुग्णाचे सतरा हक्क आहेत आणि माहिती कळणाऱ्या भाषेत मिळण्याची अपेक्षा त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी जिवंतपणी केलेल्या वैद्यकीय इच्छापत्राद्वारे कृत्रिम उपचार नाकारण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. पण ज्या कुटुंबाला डॉक्टरांचं बोलणंच नीट कळलं नाही, त्याची संमती ही खरी संमती कशी मानायची?

काय करता येईल

उपाय खर्चिक नाहीत, आणि बरेचसे कुठे ना कुठे वापरात आहेत. पहिला उपाय बैठकीआधीच्या पाच मिनिटांचा. विषय काय, कोण असणार, कोणते अवघड शब्द येणार, हे डॉक्टरांनी दुभाष्याला सांगायचं. वाईट बातमी सांगण्याची 'स्पाइक्स' ही सहा पायऱ्यांची पद्धत २००० पासून जगभर शिकवली जाते आणि तिची सुरुवातच पूर्वतयारीनं होते. त्या तयारीत दुभाष्याला धरायचं, एवढीच भर. बोलताना छोटी वाक्यं, रुग्णाकडे बघून बोलणं आणि शांततेला जागा देणं हेही त्यात आलं.

दुसरा उपाय बैठकीनंतरचा. 'तुम्ही ठीक आहात ना? काही खटकलं का?' एवढं विचारणं. व्हर्जिनियातले परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी रुग्ण गेल्यावर सगळ्या चमूनं मिनिटभर शांत उभं राहण्याची रीत सुरू केली. ती पुढे अनेक रुग्णालयांनी उचलली. बॉस्टनमध्ये नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या श्वार्ट्झ राउंड्समध्ये सर्व थरांतले कर्मचारी एकत्र बसून कामाच्या भावनिक बाजूबद्दल बोलतात. अशा वर्तुळात दुभाष्याला आणि मावशीलाही खुर्ची हवी. गुप्ततेमुळे घरी बोलता येत नाही, तर बोलायची जागा रुग्णालयातच दिली पाहिजे.

तिसरा उपाय प्रशिक्षणाचा. कॅलिफोर्नियात २०११ मध्ये खास उपशामक उपचारांतल्या दुभाष्यांसाठी अभ्यासक्रम तयार झाला. सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांसाठी रॉबिन डीन आणि रॉबर्ट पोलार्ड यांनी २००१ मध्ये मांडलेली पद्धतही उपयोगी आहे. कामाच्या मागण्या कोणत्या आणि आपल्या हाती नियंत्रण किती, हे प्रसंगागणिक सहकाऱ्यांसोबत तपासत जायचं. यामुळे 'मीच कमी पडलो' ही टोचणी कमी होते आणि बदलायला हवी ती व्यवस्था दिसू लागते.

महाराष्ट्रात सुरुवात याहून साधी असू शकते. ज्या कर्मचाऱ्यांना स्थानिक किंवा परप्रांतीय भाषा येतात त्यांची यादी करावी, त्यांना थोडं प्रशिक्षण आणि भत्ता द्यावा. कुणी सांगितलं याची केसपेपरवर नोंद ठेवावी. स्वतःच्या घरात नुकता मृत्यू झाला असेल तर नकार देण्याचा हक्क त्यांना असावा. लहान मुलांकडून हे काम कधीच करून घेऊ नये. केरळमध्ये गावोगावच्या स्वयंसेवकांनी उपशामक शुश्रूषा उभी केली. तसे माडिया, कोरकू, भिली बोलणारे स्वयंसेवक आपल्याकडेही घडवता येतील.

नवं पद निर्माण करणं अशक्य असतं, असं कुणी म्हणेल. भारतातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. तोवर रुग्णाच्या घरची अडचण, पैशांची चणचण, धास्ती यांकडे बघणं हे रुग्णालयाचं काम मानलंच जात नव्हतं. आज त्या पदाशिवाय सरकारी रुग्णालयाची कल्पना करवत नाही. त्या वेळी मुंबईनं वाट दाखवली होती. मरणाच्या दारातल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलणाऱ्यांनाही आता नाव, मोबदला आणि मन मोकळं करायची जागा द्यावी, हे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे. महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयानं आपल्या दुभाषी मावशींची नावं फक्त लिहून काढली, तरी त्याची सुरुवात होईल.